खरवडलेला नंबर

गाडी विकत घेतली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं की हिचा एकही स्क्रू बदललेला नाही. जर्मनीत रेगेन्सबर्गच्या गाड्यांच्या कारखान्यात बारा वर्षं काढलेल्या बाईने असं बोलू नये, पण बोलले. शेवाळी रंगाची, दोन दारांची, माझ्याहून वयाने मोठी गाडी. मग दोन हिवाळे, शनिवार-रविवार तिच्याखाली आडवी होऊन मी माझेच शब्द तपासत राहिले. काचांवरच्या खुणा जुळल्या, गिअरबॉक्स मूळचा निघाला, डावं दार मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं होतं. ते कळल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, एका दारासाठी एवढं? त्याला काय कळणार.

उरला चासी नंबर. जुन्या गाड्यांची खास नंबरप्लेट हवी असेल तर गुटाख्टर, म्हणजे तपासणारा तज्ज्ञ, इंजिनाशेजारी पत्र्यावर ठोकलेला तो नंबर आधी पाहतो. तो कागदांशी जुळला आणि त्यावर शंका नसली, तर गाडी तीच. शंका आली तर बाकी सगळं अस्सल असूनही गाडी रस्त्यावर येत नाही.

त्या वसंतात सासरे आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांची सगळी नोकरी साताऱ्याला आरटीओत, मोटार वाहन निरीक्षक म्हणून झालेली. आपल्याकडे गाडी नावावर करताना चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि तो छाप फॉर्मला चिकटवतात. बाबांनी असे किती छाप तपासले असतील, त्याला गणती नाही. मला वाटलं, फायलीला असा एक छाप जोडला तर काम कसं चोख दिसेल. इथे तो कुणीही मागितला नव्हता. पण जाड रंगामुळे आकडे नीट उमटेनात, म्हणून मी पॉलिश पेपर काढला.

बाबा शेजारी स्टुलावर बसले होते. "रंग काढू नकोस," ते म्हणाले. "ओल्या फडक्याने पूस, तेवढं पुरे."

मी म्हटलं, अहो बाबा, मी इंजिनिअर आहे. पुरुषांनी मला गाड्यांबद्दल काही शिकवलं की माझं डोकं फिरतं, मग ते सासरे का असेनात. मी रंग घासून काढला. छाप सुरेख आला.

तपासणीला तेही हौसेने सोबत आले. गुटाख्टर टॉर्च घेऊन वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. नंबरावरचा कारखान्यातला रंग हाच खरा पुरावा होता. तो शाबूत असता तर प्रश्नच नव्हता. उघडा, चकचकीत पत्रा म्हणजे कुणीतरी नंबराशी खेळलंय. हे कुणी केलं, असं त्याने शांतपणे विचारलं, आणि संशय राहिला तर पोलिसांना कळवावं लागतं, हेही तितक्याच शांतपणे सांगितलं.

माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा कचेरीत पडून होता. पोलिसांत नाव गेलं तर तो तिथेच अडकणार होता. बाबा हात मागे बांधून दाराशी उभे होते. मी जर्मनमध्ये सांगितलं की हे माझ्या सासऱ्यांनी केलं, त्यांना इथल्या पद्धती माहीत नाहीत.

गुटाख्टर त्यांच्याकडे पाहून समजुतीने हसला. काही न कळून बाबाही हसले. मला लाज वाटली असं लिहायला बरं दिसेल. पण त्या क्षणी मला फक्त सुटल्यासारखं वाटलं, आणि तेच अजून सलतं.

त्याने भिंग लावून आकडे पुन्हा पाहिले. ठोके जुनेच आहेत, म्हणाला, पण ज्यांनी रंग काढला त्यांचं सहीचं निवेदन फायलीला लागेल. दोन ओळी टाइप करून त्याने कागद बाबांपुढे ठेवला.

"काय लिहिलंय?" बाबांनी विचारलं.

न वाचता कशावरही सही करणारा हा माणूस नव्हे. मी अडखळत सगळं मराठीत सांगितलं, त्यातल्या 'रंग मी काढला' या ओळीसकट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीपाशी गेले, बॉनेटखाली वाकले, एकेका आकड्यावर बोट ठेवत नंबर वाचला आणि परत येऊन तो कागदावरच्या नंबराशी ताडून पाहिला. मग सही केली. सहीखाली त्यांच्या गोल सरकारी अक्षरात मराठीत लिहिलं, 'नंबर अस्सल आहे, समक्ष पाहिला. रंग मी काढलेला नाही.'

गुटाख्टरने मला विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"पत्ता," मी म्हणाले.

"आल्झो," म्हणजे झालं तर, असं म्हणत त्याने शिक्का मारला.

परतताना बाबा ब्रेकच्या आवाजाबद्दल बोलत होते. त्या कागदाचा विषय त्यांनी तेव्हा काढला नाही, साताऱ्याला परत गेल्यावरही कधी काढला नाही.

प्लेट मिळाली, पुढे नागरिकत्वही मिळालं. गाडीला आता चांगलं गिऱ्हाईक येतं. नवरा म्हणतो, विकून टाक, मुलांना बसायला जागा नाही. पण विकायची म्हणजे त्या कागदासकट सगळी फाईल द्यायची, आणि या गावात मराठी वाचणारे आता बरेच आहेत. माझा गाडीवर फार जीव आहे, असं मी सगळ्यांना सांगते.