मास्तरांना शिकवणाऱ्या टंकबाई

तंत्रमहाविद्यालयातला टायपिंगचा वर्ग बंद झाला, तेव्हा तिथली छत्तीस यंत्रं भंगारात गेली आणि त्यांवर शिकवणाऱ्या बाई परीक्षा विभागात. यंत्रं निदान जाताना कोणीतरी मोजून घेतली. बाईंच्या बाबतीत तेवढीही तसदी कोणी घेतली नाही. सव्वीस वर्षं मुलामुलींच्या बोटांना वळण लावणाऱ्या या बाई उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधू लागल्या. टायपिंग गेलं, तरी 'टंकबाई' हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

टायपिंग त्या आपल्या मावशीकडे शिकल्या होत्या. मावशीचा क्लास दोन खोल्यांचा. शिकणारीच्या हातांवर मावशी लाकडी खोकं पालथं घालायची, म्हणजे अक्षरं दिसायची नाहीत. चूक झाली की त्याच क्षणी मागून आवाज यायचा, "पुन्हा." भाषण नाही, उपदेश नाही. दहा मिनिटं सराव, दोन मिनिटं चुका बघायच्या, परत दहा मिनिटं सराव. शिकवणं म्हणजे समोरच्याच्या हातून काम होईपर्यंत त्याचा पिच्छा न सोडणं, एवढी एकच व्याख्या टंकबाईंना माहीत होती. शिक्षणशास्त्रातली थोर मंडळी हेच तीनशे पानांत सांगतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांचं बरं चाललं होतं.

मग प्राचार्यांच्या डोक्यात ऑनलाइनचं वारं शिरलं. कारखान्यांत, पंपगृहांत, दवाखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांना घरबसल्या शिकता यावं म्हणून बावीस अभ्यासक्रम काढायचे ठरले. हेतू चांगला होता. घोडं अडलं ते बावीस प्राध्यापकांपाशी. त्यांना तयार करायला बाहेरून एक तज्ज्ञ बोलावला. त्याने एकशे चौदा स्लाइड दाखवल्या आणि 'ऑनलाइन शिकवताना सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये' या मुद्द्यावर तो सलग तीन तास बोलला. रसायनच्या बाईंनी पहिल्याच तासाला मान टाकली. बांधकामाच्या सरांनी अख्खं शब्दकोडं सोडवलं. शेवटपर्यंत जाग्या राहिल्या त्या एकट्या टंकबाई, कारण स्लाइड पुढे ढकलायला त्यांना बसवलं होतं.

"कसं वाटलं?" सगळे पांगल्यावर प्राचार्यांनी सहज विचारलं.

"पोहायला शिकवायला आलेला माणूस काठावर बसून पाण्याचे गुण सांगून गेला," टंकबाई वायर गुंडाळत म्हणाल्या.

"तुम्ही काय केलं असतं?"

"आधी ढकलून दिलं असतं. मग काठावर बसले असते."

प्राचार्य हसले आणि तिथेच फसले. आठवड्याभरात टंकबाईंच्या टेबलावर पत्र आलं: प्राध्यापकांना ऑनलाइन अध्यापनाचे प्रशिक्षण द्यावे, परीक्षा विभागाचे नेमून दिलेले काम सांभाळून.

घरी त्यांनी ते पत्र नवऱ्याला वाचून दाखवलं. नवरा शिंपी. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्याला सवय होती, त्यामुळे त्याचं बोलणं नेहमी थोडक्यात असे. "विद्वानांना शिकवणार तू," तो म्हणाला. "कापड महाग आणि सगळं आधीच शिवलेलं. उसवायला लागेल."

पहिल्या दिवशी टंकबाईंनी बावीस कोरे कागद वाटले. कोर्स संपल्यावर विद्यार्थी काय करू शकेल, ते एका वाक्यात लिहायचं. बावीसपैकी एकोणीस कागदांवर 'विद्यार्थ्याला विषय समजेल' असं लिहून आलं.

"'समजेल' चालणार नाही," टंकबाई म्हणाल्या. "समजलेलं मला दिसत नाही. हाताने काय करेल ते लिहा."

रसायनच्या बाईंनी तीनदा खोडून 'पाण्याचा नमुना घेऊन त्यातला क्षार मोजेल' असं लिहिलं आणि कागदाकडे अशा बघत राहिल्या, जणू वीस वर्षं आपण नक्की काय शिकवत होतो ते त्यांना आत्ताच कळत होतं. बाकीचेही हळूहळू रुळावर आले. आले नाहीत ते एक तोफसाहेब.

तोफसाहेब पंप आणि जलयंत्रं शिकवत. आवाज असा, की त्यांचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातलेही पंपच शिकत. एकतीस वर्षांच्या त्यांच्या नोट्स पिवळ्या पडून आता तपकिरी व्हायला आल्या होत्या. कागदावर त्यांनी लिहिलं होतं, 'विद्यार्थी माझे ऐकेल.'

"सर, ऐकून पुढे?" टंकबाईंनी विचारलं.

"बाई, मी शिकवतो. सिनेमे काढत नाही. तुकडे पाडून शिकवायला ज्ञान म्हणजे काय सुपारी आहे?"

टंकबाईंनी वाद घातला नाही. "मग तुमच्या पद्धतीने करा," त्या म्हणाल्या. तोफसाहेबांनी फळ्यासमोर उभं राहून बावन्न मिनिटांचा एकच व्हिडिओ काढला. चाळीस जणांच्या चाचणी गटाला तो पाठवला. आठवड्याने कोणी किती वेळ पाहिला त्याचे आकडे आले. बहुतेक जण चौथ्या मिनिटाला पसार झाले होते. एकाच खात्यावरून मात्र तो शेवटपर्यंत पाहिला गेला होता, तोही पाच वेळा.

"बघा," तोफसाहेब म्हणाले. "ज्याला शिकायचंय तो शिकतो."

ते खातं कोणाचं, हे टंकबाई तोफसाहेबांच्या घरी नवा माईक जोडायला गेल्या तेव्हा कळलं. त्यांच्या बायकोने चहा पुढे करत सांगितलं, "मीच ती. यांनीच माझं नाव गटात घातलं होतं. दुपारी ते लावलं की मला छान झोप लागते हो. गोळी बंद केली मी."

तोफसाहेबांनी चष्मा काढून पुसला. पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसला. आणि दुसऱ्या दिवशी सगळा राग टंकबाईंवर काढला.

"तुम्ही टायपिंग शिकवत होतात," ते परीक्षा विभागाच्या दारातच म्हणाले. "बोटं आपटायला. पंप शिकवणं वेगळं असतं."

"असेल," टंकबाई गठ्ठ्याला गाठ मारत म्हणाल्या. "तुम्ही टाइप कसं करता, सर?"

"दोन बोटांनी. सगळं जग करतं."

"मग तीन आठवडे माझे विद्यार्थी व्हा. सगळी बोटं वापरून, खाली न बघता. आपण भेटायचं नाही, सगळं ऑनलाइन. नाही जमलं तर तुमचा बावन्न मिनिटांचा व्हिडिओ तसाच ठेवू, मी चकार शब्द काढणार नाही."

तोफसाहेबांना हे आव्हान वाटलं आणि आव्हान म्हटलं की त्यांची मान आपोआप हलायची.

टंकबाईंनी जीव ओतून धडे बनवले. सहा मिनिटांचा धडा, वीस मिनिटांचा सराव, केलेला सराव रोज पाठवायचा, आणि त्यावर त्याच दिवशी बाईंचा शेरा. इतर एकवीस जणांनाही तो कोर्स बघायला मोकळा ठेवला. तोफ विद्यार्थी झाली म्हटल्यावर हजेरी शंभर टक्के लागली.

पहिले चार दिवस सराव वेळेवर आला. पाचव्या दिवशी निरोप आला, 'नेटवर्क नव्हते.' सहाव्या दिवशी, 'पाहुणे आले होते.' एकतीस वर्षं पोरांच्या ज्या सबबींची तोफसाहेबांनी भर वर्गात चिरफाड केली होती, त्या आता ओळीने त्यांच्याच नावावर येऊ लागल्या. स्टाफरूममध्ये त्या मोठ्याने वाचल्या गेल्या. बांधकामाचे सर म्हणाले, आता फक्त आजी वारल्याचं राहिलंय.

मधूनच सराव यायचा, तेव्हा त्यात एकाच जागच्या चुका असायच्या. उजव्या अनामिकेने दाबायची अक्षरं हमखास हुकलेली. टंकबाई शेरा लिहायच्या, 'अनामिका वापरा.' मग, 'अनामिका वापरा, पुन्हा.' दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्यांचाही संयम सुटला आणि त्यांनी लिहिलं, 'अनामिकेचा आळस सोडा. पुन्हा.'

त्यानंतर सराव यायचा थांबला. निरोपही आला नाही, सबबही नाही.

चार दिवसांनी टंकबाई घरी कणीक मळता मळता कुरकुरल्या, "एवढा मोठा माणूस आणि एक बोट हलवत नाही."

शिंप्याने टाचण्या काढून बशीत ठेवल्या. म्हणजे काहीतरी लांबलचक येणार होतं. "तू हात बघितलेस का त्याचे?"

"ऑनलाइन आहे ना. तो लिहितो तेवढं दिसतं."

"मग माप न घेता शिवतेयस. आणि बसत नाही म्हणून गिऱ्हाइकाला ओरडतेयस."

टंकबाईंनी पीठ तसंच ठेवलं, हात धुतले आणि निघाल्या.

दार तोफसाहेबांच्या बायकोने उघडलं. या वेळी तिने चहाचं विचारलं नाही. "रोज दोन-दोन तास बसत होते," ती म्हणाली. "तुमचा तो शेरा आला त्या दिवशी जेवले नाहीत."

तोफसाहेब खिडकीपाशी कॉम्प्युटरसमोर बसले होते. उठले नाहीत. टंकबाईंनी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अनामिका मधल्या पेरापासून सरळ ताठ होती, वाळक्या शेंगेसारखी. वाकतच नव्हती.

"नोकरीच्या दुसऱ्या वर्षी," तोफसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान असू शकतो हे टंकबाईंना ठाऊक नव्हतं. "पंपाच्या फिरत्या कपलिंगमध्ये बोट गेलं. पोरांना दाखवत होतो, चालू पंपात हात घालू नये."

टंकबाई स्टुलावर बसल्या. वर्गात असतं तर पहिल्या मिनिटाला दिसलं असतं. पाठीवर हात ठेवून 'पुन्हा' म्हटलं असतं, तर त्या 'पुन्हा'ला धार नसती. पडद्यावर तोच शब्द थोबाडीत मारल्यासारखा उमटला होता. मावशीचं खोकं त्यांनी शिकणाऱ्याच्या हातांवर घालायच्या ऐवजी स्वतःच्या डोळ्यांवर घालून घेतलं होतं.

"चुकले मी, सर," त्या म्हणाल्या. "सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत." ते म्हणाले, "आणि वर्गात सांगतं कोण? माझ्या मागच्या बाकावरच्यांनी मला एकतीस वर्षांत काही सांगितलेलं नाही. मी ओरडायचो, ते माना हलवायचे. मला वाटायचं, समजलं."

त्या दुपारी दोघांनी मिळून नऊ बोटांची नवी मांडणी बसवली. अनामिकेची अक्षरं अर्धी करंगळीला, अर्धी मधल्या बोटाला. करंगळीने सुरुवातीला फार तक्रार केली. तीन आठवड्यांचे पाच झाले. तोफसाहेब खाली न बघता मिनिटाला बावीस शब्दांवर पोचले. त्यांनी टाइप केलेलं पहिलं सलग पान म्हणजे प्राचार्यांना लिहिलेली टंकबाईंविरुद्धची तक्रार होती: प्रशिक्षिका उद्धट आहेत, शेरे कठोर असतात, सबब त्यांस परीक्षा विभागातून मुक्त करून पूर्ण वेळ याच कामावर नेमावे. प्रत टंकबाईंना. टंकबाईंनी त्यातल्या दोन चुका लाल करून ती परत पाठवली, पण आधी 'छान' असं लिहायला विसरल्या नाहीत.

त्यानंतर सगळ्या कोर्सचा पहिला धडा बदलला. त्यात शिकवणं काहीच नव्हतं. एकच प्रश्न होता: 'तुमच्याबद्दलची अशी कोणती गोष्ट आहे, जी मला इथून दिसणार नाही?'

प्राध्यापकांनी नाकं मुरडली. उत्तरं आली तशी ती सरळ झाली. पंपगृहातल्या चौघांनी लिहिलं, 'इथे मशीनचा आवाज असतो, तुमचं बोलणं ऐकूच येत नाही.' एका बाईने लिहिलं, 'मांडीवर बाळ असतं, फोन एका हातात, मोठं उत्तर टाइप होत नाही.' एकाने लिहिलं, 'मला वाचायला वेळ लागतो, कृपया हसू नका.' तोफसाहेबांनी ही उत्तरं वहीत उतरवून घेतली. नोट्सच्या नव्हे, नव्या वहीत.

मग एके सकाळी ते टंकबाईंना घेऊन पंपगृहात गेले. बंद पंप उघडून सात मिनिटांचा व्हिडिओ काढायचा होता, खाली मोठ्या अक्षरांत मजकूर देऊन. पहिल्या फेरीत ते एकवीस मिनिटं बोलले. टंकबाईंनी फोन खाली केला.

"यातलं त्यांनी हाताने काय करायचंय?"

"गळणारं सील ओळखायचं."

"मग सील दाखवा. पंपाचा शोध कोणी लावला ते राहू दे."

"तो फार रंजक भाग आहे, बाई."

"म्हणूनच राहू दे."

पाचव्या फेरीत साडेसात मिनिटं झाली. त्यापुढे कमी करायला तोफसाहेबांनी साफ नकार दिला आणि टंकबाईंनी अर्धं मिनिट सोडलं. पंपाच्या शोधाची कथा कोर्सच्या शेवटी 'ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी' म्हणून ठेवली. हौस नऊ जणांना होती. तोफसाहेबांना ते फार वाटले.

पंपाच्या कोर्सला बसलेल्या चाळीसपैकी सत्तावीस जणांनी तो पुरा केला. तेरा गळाले. त्यातल्या प्रत्येकाला तोफसाहेबांनी स्वतः फोन करून कारण विचारलं, आणि फोनवर आवाज कसा हळू ठेवायचा हे त्यांना निम्म्या यादीनंतर जमलं. सहा जण पुढच्या खेपेला परत आले.

टंकबाईंची परीक्षा विभागातून सुटका व्हायला आणखी दीड वर्ष गेलं, कारण 'प्रशिक्षक' असं पदच यादीत नव्हतं. ते निघालं तेव्हा त्यासाठी लागणारी पदवी टंकबाईंकडे नव्हती. प्राचार्यांनी मग पदाचं नाव बदलून 'टंकलेखन सहायक, विशेष' केलं आणि कागदोपत्री टायपिंगचा विभाग पुन्हा जिवंत झाला. यंत्र एकही नाही, विद्यार्थी बावीस, सगळे प्राध्यापक.

नव्या खोलीत टंकबाईंनी एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीत एक कुंडी ठेवली. पुढच्या वर्षी गावातल्या दुसऱ्या महाविद्यालयातून आठ मास्तर आले. पहिल्याच दिवशी त्यांतल्या सगळ्यात ज्येष्ठ सरांनी हाताची घडी घालून सांगितलं, "बाई, मला कॅमेऱ्यासमोर बोलायची लाज वाटते. बाकी सगळं येतं."

"सांगितलंत ते बरं झालं," टंकबाई म्हणाल्या आणि त्यांच्याकडे खुर्ची सरकवली. "बसा. आज कॅमेरा बंदच ठेवू."