बोल्टावरच्या चार रेघा

विकायला काढलेला ट्रक बघायला हायडेलबर्गहून एक माणूस आला होता. चक्कर मारून परतला, खाली उतरला आणि म्हणाला, "गाडी छान राखली आहे, पण स्टिअरिंगला प्ले आहे, ढिलं लागतं. नवीन ट्यूफ काढून द्या, मग बघू." ट्यूफ म्हणजे इथली दर दोन वर्षांची सक्तीची तपासणी. बाहेर गार आहे म्हणावं इतक्या सहज तो हे बोलला. मी मात्र त्याच्याकडे बघतच राहिले. सहा वर्षांपूर्वी आमच्या घरात हे वाक्य फक्त मी म्हटलं होतं.

हा जुना फोर-बाय-फोर पिकअप ट्रक माझ्या नवऱ्याने स्टुटगार्टजवळच्या एका शेतकऱ्याकडून घेतला, तेव्हाच त्याला वीस वर्षं झाली होती. आठवडाभर कंपनीत गाड्यांचे भाग आणि शनिवारी घरी पुन्हा गाडीचेच भाग, असा हा माणूस. तीन शनिवार खपून त्याने ट्रकला लांब स्प्रिंगा बसवल्या, मोठे टायर चढवले आणि गाडी चांगली चार बोटं उंच केली. मी म्हटलं, आता मला आत चढायला शिडी आण. त्याने खरंच पायरी बसवून दिली. हौसेला मोल नसतं म्हणतात. त्याच्या हौसेला वेळेचंही भान नव्हतं.

ट्रक उंच झाल्यावर मी पहिल्यांदा चालवला तेव्हाच मला जाणवलं. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, वळण आलं की मी स्टिअरिंग फिरवायचे, आधी गाडीचं नाक थोडं बाजूला सरकायचं आणि मग चाकं वळायची. सरळ रस्त्यावरही सारखं सावरावं लागायचं. मी घरी येऊन सांगितलं. त्याने एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "गाडी ठीक आहे गं. तुझेच हात स्थिर नाहीत. उगाच सारखी सावरत बसतेस."

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. चूक शोधायची आणि ती पुन्हा घडवून दाखवायची, यावर माझं पोट चालतं. ऑफिसात कोणी "वापरणाऱ्याची चूक" असा शेरा मारून तक्रार बंद केली, तर मी त्याला दोन दिवस झोपू देत नाही. पण घरात मी तो शेरा मुकाट्याने घेतला. त्याच्या बोलण्यात एक खात्री असायची, आणि खात्रीने बोलणाऱ्या माणसाबरोबर राहायची सवय लागली की आपण तपासणं सोडून देतो. हळूहळू मी ट्रक चालवणंच सोडलं. सामानाच्या पिशव्या घेऊन एस-बानच्या लोकलने येऊ लागले.

गेल्या दिवाळीनंतर त्याला छातीत जळजळायला लागलं. "ॲसिडिटी आहे गं, काही नाही." तेही मी घेतलं. जानेवारीत एका सकाळी कामाला जाताना आमच्या गल्लीच्या पायऱ्यांवर तो बसला आणि उठलाच नाही.

एप्रिलमध्ये सासूबाई साताऱ्याहून आल्या. मुलींच्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या, "तुला दिसलं नाही का गं? बायकोला दिसतं." एवढंच. त्या म्हणत होत्या तेच मी रात्रंदिवस स्वतःला म्हणत होते. त्यानंतर आम्ही भाजी, कपडे आणि हवा या पलीकडे बोललो नाही. एका घरात दोन बायका, आणि एकाच माणसाचं दुःख दोन वेगळ्या खोल्यांत.

तो हायडेलबर्गचा माणूस गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"स्टिअरिंग ढिलं आहे म्हणाला."

"कसं असेल? त्याने स्वतः केलेली गाडी आहे." त्यांचा आवाज चढला होता. "बघ बरं तू. मी काय करू ते सांग."

गॅरेजची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळत होती. तोवर सासूबाईंचा व्हिसा संपणार होता. पण खरं सांगायचं तर मला विकण्याची घाई नव्हती. मला कळायला हवं होतं, दोष गाडीत होता की माझ्या हातात. या एका बाबतीत मी त्याच्यावर उगाच विश्वास ठेवला असेल, तर छातीच्या दुखण्याच्या बाबतीतही उगाचच ठेवला. आणि मग सासूबाईंचं बरोबर होतं.

तपासायची रीत सोपी आहे, मी व्हिडिओ बघून शिकले. गाडी जमिनीवरच उभी ठेवायची, चाकांना विटा लावायच्या. एकाने वर बसून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला भाग मागे राहतो, तिथे दोष.

शनिवारी सकाळी सासूबाई पदर खोचून, वर मुलाचं कामाचं जॅकेट चढवून ट्रकमध्ये चढल्या. इथे शेजारी आठवड्याच्या पाळीने जिने-पायऱ्या झाडतात; पाळी असलेली समोरची शेजारीण झाडू धरून थबकली. मी चावी फिरवून स्टिअरिंगचं कुलूप काढून दिलं. इंजिन बंदच ठेवलं.

"जड आहे गं हे."

"थोडंच हलवायचं, आई. मी थांबा म्हणेपर्यंत."

"शाळेत मी सांगायचे आणि पोरी हलायच्या," त्या म्हणाल्या. इथे आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या आवाजात थोडी थट्टा होती. मी चटई घेऊन खाली सरकले.

खालचं जग मी कधी पाहिलंच नव्हतं. मला वाटलं होतं सगळीकडे गंज आणि चिखल असेल. पण प्रत्येक बोल्टावर पांढऱ्या रंगाची एक बारीक, सरळ रेघ होती. बोल्टाच्या डोक्यावरून निघून शेजारच्या लोखंडावर उतरलेली. ही त्याच्या कारखान्याची सवय. बोल्ट पुरता आवळला की त्यावर रंगाच्या पेनाने रेघ मारायची. पुढे कधी बोल्ट सैल होऊन फिरला, तर रेघ तुटलेली दिसते. त्याचं अक्षर बघावं तशी मी त्या रेघा बघत राहिले आणि मला रडू आलं. वर सासूबाई इमानाने स्टिअरिंग हलवत होत्या.

मी डोळे पुसले आणि एकेक सांधा हाताने चाचपला. स्टिअरिंगच्या दांड्याचे सांधे घट्ट होते. चाकांना जोडणारे सांधेही घट्ट, रेघा अखंड. मग मी पुढच्या आडव्या दांड्याकडे वळले. चाकांचा ॲक्सल डाव्या-उजव्या बाजूला सरकू नये म्हणून तो दांडा ॲक्सलला गाडीच्या सांगाड्याशी बांधून ठेवतो. सांगाड्याकडच्या टोकावर बोट ठेवलं आणि मला ते लगेच कळलं. स्टिअरिंग हललं की तिथला बोल्ट आपल्या भोकात टकटक सरकत होता. भोक झिजून लांबट झालं होतं, कडा चकचकीत. आधी नाक सरकतं, मग चाकं वळतात. सहा वर्षांपूर्वी मी जे सांगितलं होतं ते माझ्या बोटाखाली हलत होतं. माझे हात चांगले होते.

मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. क्षणभर अगदी लहान मुलासारखा आनंद झाला. मग मी टॉर्च जवळ नेला.

त्या बोल्टावर एक रेघ नव्हती, चार होत्या. पांढरी तुटलेली, तिच्या बाजूला पिवळी तुटलेली, मग लाल, तीही तुटलेली. सगळ्यात वरची हिरवी होती. तो हिरवा पेन माझा. इथल्या मराठी मंडळाच्या पणत्या रंगवायला आणलेला, दिवाळीत हरवला म्हणून मी घरभर शोधला होता. नवराही माझ्याबरोबर ड्रॉवर उपसत होता.

त्याला दोष सापडला होता. चार वेळा सापडला होता. दर वेळी त्याने गुपचूप बोल्ट आवळला, रेघ मारली, वर येऊन हात धुतले आणि मला काहीच सांगितलं नाही. आपण स्वतः उंच केलेली गाडी आपल्यामुळेच बिघडली, हे त्याला म्हणवलं नसेल. किंवा पुढच्या वेळी बसेल घट्ट, असं वाटलं असेल. मला राग आला. मेलेल्या माणसावर इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

"सापडलं का गं?" वरून सासूबाईंनी विचारलं. स्टिअरिंग चालूच होतं.

खोटं बोलावं असं मनात आलं. बोल्ट जुना झालाय म्हणावं, आईच्या मनातला मुलगा तसाच राहू द्यावा. पण मी खोटं बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

"सापडलं. बोल्ट सैल आहे. त्याने चार वेळा आवळलाय, आई. त्याला माहीत होतं, आणि मला म्हणायचा तुझे हात बरोबर नाहीत."

बोल्ट हलतच होता. मग त्या बोलल्या, इतक्या हळू की मला मान उचलावी लागली.

"मलाही माहीत होतं."

"काय?"

"छातीचं. दिवाळीनंतर फोनवर बोलला होता. जिना चढलं की दुखतं म्हणाला, हातात कळ येते म्हणाला. मी म्हटलं, बायकोला सांग. तर म्हणे, तिला सांगू नकोस, ती लगेच दवाखान्यात नेईल." बोल्ट पुन्हा टकटकला. "मी म्हटलं, ओवा खा."

पाठीखालची फरशी गार होती. पाच महिने मी स्वतःला एकच विचारत होते, खरं कळलं असतं तर मी त्याला दवाखान्यात नेलं असतं का. त्याचं उत्तर त्याला माहीत होतं. त्याला माझी इतकी खात्री होती, म्हणूनच तो माझ्यापासून लपवत होता. आणि वर बसलेली ही बाई त्या ओव्याचं ओझं घेऊन एकटी साताऱ्याहून इथवर आली होती.

मला थांबा म्हणायचं होतं. मी म्हणेपर्यंत त्या थांबणार नव्हत्या. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मी हात वर केला आणि हलणारा तो बोल्ट मुठीत घट्ट धरून ठेवला. त्याने काही होत नाही हे मला माहीत होतं.