पोटात दूध दिसलं पाहिजे

उंदराच्या पिल्लाचं पोट बघून माल ओळखायचा, हे मला मालकांनी शिकवलं. नुकतं जन्मलेलं, अंगावर केस न आलेलं, बोटाच्या पेराएवढं पिल्लू. कातडी इतकी पातळ की आतलं सगळं दिसतं. पोटाशी पांढरा डाग दिसला तर ते आईचं दूध पिऊन मेलेलं आहे असं समजायचं. तो चांगला माल. पोट काळपट किंवा हिरवट झालं असेल, अंगावर बर्फाचा थर चढला असेल, कातडी फाटली असेल तर तो बाजूला टाकायचा. "पेट में दूध दिखना मांगता," मालक म्हणायचे. "दूध नहीं, तो माल नहीं."

मालक केरळचे. इथे आखातात, मुसाफ्यात त्यांचं पाळीव प्राण्यांचं दुकान आहे. पोपट, मासे, कासवं, मांजरांचं खाणं, आणि आतल्या बाजूला काचेच्या पेट्यांत थोडे साप. बिनविषारी, लोकांनी घरी पाळायचे. त्या सापांना आणि ते नेणाऱ्या लोकांना लागणारे उंदीर आणणं हे माझं काम. सुरुवातीला मालक मागच्या खोलीत स्वतःच उंदीर वाढवत. वरच्या मजल्यावरच्यांनी वासाची तक्रार केली आणि ते बंद झालं. तेव्हापासून दर गुरुवारी दुकानाच्या व्हॅनमधून बर्फाची पेटी घेऊन मी लांब देऱ्याच्या बाजारात जातो. पक्ष्यांचे दाणे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या दुकानामागे फ्रीजरची खोली आहे. तिथे पिशव्या उघडायच्या आणि एकेक पिल्लू उजेडाला धरून बघायचं. बोटं बधिर होतात. हातमोजे घातले तर कातडी फाटलेली कळत नाही, म्हणून उघड्या हातानंच करतो.

आमच्या गावी, राजापूरकडे, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी उंदीरबी करतात. शेतातलं भात खाऊ नकोस म्हणून उंदराला नैवेद्य दाखवतात. आईला मी सांगितलंय की दुकानात पोपट आहेत, मासे आहेत. तेही खरंच आहे.

मी आठवीतून शाळा सोडली. इथे आलो तो बांधकामाच्या साइटवर. ती कंपनी बंद पडली, साहेब लोक गायब झाले आणि आम्ही कामगारांच्या कॅम्पात नुसते बसून राहिलो. तिथल्या मांजरांना मी माझ्यातली रोटी घालायचो, ते मालकांनी एकदा बघितलं. ते कॅम्पशेजारच्या गोदामात माल उतरवायला यायचे. "जानवर का काम करेगा?" त्यांनी विचारलं. एवढ्यावर माझा व्हिसा त्यांनी आपल्या नावावर करून घेतला. त्या माणसाचं माझ्यावर काय आहे ते मी मोजत बसत नाही. पण तेव्हापासून धास्ती कायम आहे. आपल्या हातून काही चुकलं तर हा माणूस म्हणेल, मांजरांनाच रोटी घालत बसायचं होतंस.

मोहम्मद बिन झायद सिटीत एक मराठी कुटुंब आहे. नवरा ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, बायको घरी, आणि इथेच वाढलेली, इंग्रजीच बोलणारी अकरा-बारा वर्षांची एक मुलगी. त्या मुलीनं वाढदिवसाला साप मागितला. आमच्या दुकानातून त्यांनी कॉर्न स्नेकचं पिल्लू नेलं. केशरी, पेन्सिलीएवढं जाड. कॉर्न म्हणजे मका हे मला ठाऊक होतं, म्हणून दुकानात लागलो तेव्हा मी मालकांना विचारलं होतं, हा मका खातो का. ते अजून गिऱ्हाइकांना सांगून हसतात. तर त्या पिल्लाला पिंकी लागायचे. धंद्यात त्या बिनकेसाच्या पिल्लांना पिंकी म्हणतात. सापाच्या पोटाची जाडी जेवढी, तेवढ्याच जाडीचं पिल्लू द्यायचं, त्याहून मोठं नाही.

घरपोच माल द्यायला मीच जायचो. पहिल्यांदा मी दाराशी "मॅडम, पिंकी" म्हणून पिशवी पुढे केली तर बाई कपाळावर हात मारून हसल्या.

"अहो, हे नाव तेवढं बदला. माझ्या नणंदेचं लाडाचं नाव आहे ते. आणि मॅडम काय, मराठी ना तुम्ही? ताई म्हणा."

"ताई," मी म्हटलं. किती दिवसांनी तो शब्द तोंडात आला.

"कुठले?"

"राजापूरकडचा."

"माझं माहेर मालवणचं. या, पाणी तरी घ्या. साप घरात आलाय म्हटल्यावर माणूस यायला काय हरकत आहे?"

त्यांनी पाण्याबरोबर खोबऱ्याची वडी दिली. नंतर नंतर तर गेलो की ताट वाढूनच ठेवलेलं असायचं. माशाची कढी, भात, कधी घावणे. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून खायचो आणि मान वर करायचो नाही, कारण डोळे भरून यायचे.

पण साप खात नव्हता.

दुकानात असताना माझ्या हातून त्याने दोनदा खाल्लं होतं. त्यांच्या घरी गेल्यापासून तोंड लावत नव्हता. पिल्लू समोर ठेवलं की जवळ यायचा, जीभ काढायचा आणि मान वळवायचा. ताईंनी मालकांना फोन केला. मालकांनी मला पेट्यांच्या मागे बोलावलं.

"मॅडम बोलती है माल खराब. तू देखके लाता है ना?"

"देखके लाता है भाई. एक एक."

"दूध?"

"सब में."

त्यांनी एका पेटीचं झाकण लावलं. "तेरा व्हिसा अगले महीने रिन्यू है. मेरे को अच्छा आदमी मांगता. बाकी तू समझ."

मी समजलो. पुढच्या गुरुवारी देऱ्याच्या त्या खोलीत मी इतका वेळ लावला की फ्रीजरवाला ओरडला, "हबीबी, शादी करनी है क्या इनसे? यल्ला, जल्दी!" मी सगळ्यांत गुलाबी, सगळ्यांत भरल्या पोटाचे निवडले. तेही सापाने खाल्ले नाहीत. पेन्सिलीचा दोरा होत चालला होता. पाठीचं हाड वर दिसायला लागलं. मुलगी शाळेतून आली की दप्तर न काढताच काचेला नाक लावून बसायची.

त्याच्या पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा ताई स्वयंपाकघरात होत्या आणि नुकतीच शाळेतून आलेली मुलगी शेजारी उभी होती. सापाच्या जेवणाची वेळ होती. ओट्यावर स्टीलचा बोल होता. त्यात कोलंबी मुरत ठेवलीय असंच मला वाटलं. हळद, मीठ, वरून कोकमाचा लालसर आगळ. मग मला इवलाले पाय दिसले.

"ताई, हे काय?"

"त्याचं जेवण," त्या म्हणाल्या. "चांगलं तीन पाण्यांनी धुतलं, मग हळद-मीठ. आगळ लावला की वास राहत नाही."

वास राहत नाही. साप डोळ्यांनी जेवत नाही, तो वासाने जेवतो. मालकांनी मला शिकवलेली दुसरी गोष्ट हीच. पिशवी बंद ठेवून कोमट पाण्यात सोडायची, पिल्लू ऊबदार झालं की तसंच चिमट्याने पुढे धरायचं, हे ताईंना सांगितलं होतं. पण धुवू नका, असं त्यांना कुणी कशाला सांगेल? कोण उंदीर धुतं? आणि मलाच विचारलं असतं की बाईमाणूस समुद्राकडची, हातात सोललेल्या कोलंबीसारखं काहीतरी आलंय, आणि ते घरातल्या कुणाच्या तरी पोटात जायचंय, तर ती काय करेल, तर मीही हेच सांगितलं असतं. माझी आईही हेच करती.

माझं ताट वाढलेलं होतं. कढीची वाफ येत होती. मला ताईंना सांगवेना. मी मुलीकडे वळून म्हटलं, "नो वॉश. नो यलो. स्मेल, स्मेल."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग बोलकडे, मग आईकडे.

"मम्मा, यू वॉश्ड देम? एव्हरी टाइम?"

"अगं, धुवायला नको? कुठल्या कंपनीतून..." ताई थांबल्या. "म्हणून खात नव्हता?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी गॅस बंद केला. गॅस पेटलेलाच नव्हता.

मी आणलेल्या पिशवीतलं एक पिल्लू कोमट केलं आणि चिमट्याने सापापुढे धरलं. तो कितीतरी वेळ हलला नाही. मग एकदम झडप घातली. मुलगी ओरडली, "ही इज ईटिंग! मम्मा, ही इज ईटिंग!" ताईंनी डोळ्याला पदर लावला. पदर नव्हता, ओढणी होती. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

दोन दिवसांनी त्याने ते पिल्लू ओकून टाकलं. इतके दिवस रिकामं राहिलेलं पोट, त्याला पेललं नाही. आणि त्या आठवड्यातच तो मेला.

मुलीच्या वडिलांचा फोन मालकांना आला तेव्हा मी माशांची टाकी धूत होतो. फोनमधला आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. त्यांचं म्हणणं एवढंच की एवढे दिवस साप उपाशी होता पण जिवंत होता, आणि तुमच्या माणसाने स्वतःच्या हाताने तुमचा माल खायला घातला आणि तो मेला. हळदीचं त्यांना माहीत नव्हतं. घरात ते कुणी बोललं नव्हतं.

मालक फोन ठेवून आले. "तूने खिलाया?"

"हां भाई."

"खलास," ते म्हणाले. रागाने नाही, थकल्यासारखे. "इस गुरुवार को तू नहीं जाएगा."

मी हळदीचं सांगू शकत होतो. तोंडाशी आलंही होतं. पण त्या बाईने मला ताट वाढलं होतं, आणि या माणसाने मला कॅम्पातून उचललं होतं. एकाचं नाव दुसऱ्यापाशी घ्यायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं. पुन्हा वाटायचं, सांगितलं तरी कोण मानणार? उंदराला हळद? मालक म्हणाले असते, आता गोष्टी रचतोस. व्हिसाचे कागद काउंटरच्या ड्रॉवरमध्ये होते. मालक तो ड्रॉवर उघडायचे, काहीतरी दुसरंच काढायचे आणि बंद करायचे. मी दर वेळी हातातलं काम थांबवायचो. आईचा फोन आला तर विचारायची, आवाज का असा? मी म्हणायचो, एसी फार आहे.

गुरुवारी व्हॅन दुसऱ्या कामगाराला घेऊन गेली. त्याने आणलेल्या पिशव्या मी फ्रीजरमध्ये रचल्या. त्यात काळ्या पोटाची पिल्लंही होती. तीही तशीच रचली.

नंतर एका दुपारी दुकानासमोर गाडी थांबली आणि ताई आत आल्या. उन्हाने चेहरा लाल. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, सरळ काउंटरशी गेल्या आणि पर्समधून काढून एक डबा ठेवला. प्लॅस्टिकचा, आपण फ्रीजमध्ये मासे ठेवतो तसला.

"भाईसाब, ये बचा हुआ है. घर में नहीं रखना."

मालकांनी झाकण उघडलं. आत पिवळी धमक पिल्लं एकमेकांना चिकटून गोठली होती.

"ये क्या है?"

"मैंने धोया. मछली के माफिक." त्यांचा आवाज चिरकला. "हल्दी, नमक, सब लगाया. हर बार. इसलिए उसने खाया नहीं. इनकी गलती नहीं है. मिस्टर को मैंने कल बताया."

मालक समुद्रकाठचेच. त्यांनी डबा नाकाजवळ नेला आणि त्यांना कळलं. तोंडावर हसू येऊ बघत होतं. ते त्यांनी आवरलं आणि झाकण लावलं.

"मॅडम," ते म्हणाले, "मेरी बीवी भी यही करती."

"टाकी गाडीत आहे," ताई मला म्हणाल्या. तेवढंच मराठी. "काढून घ्याल का भाऊ?"

मी बाहेर गेलो. मागच्या सीटवर मुलगी बसली होती, मांडीवर हात ठेवून. काचेची टाकी तिच्या शेजारी होती, सीटबेल्ट लावलेली. मी दार उघडून बेल्ट सोडवत होतो तेव्हा तिने विचारलं,

"वॉज ही हंग्री? द होल टाइम?"

मला इंग्रजी फारसं येत नाही, पण हंग्री कळतं. आमच्या कॅम्पच्या गेटाशी जेवणाची पाकिटं वाटायला लोक यायचे, ते हाच शब्द विचारायचे आणि आम्ही सगळे एकदम मान हलवायचो. सापाला भूक कमी असते, महिनाभर चालतं त्याला, असं मालक गिऱ्हाइकांना सांगतात. मोठ्या सापाचं ते खरंही आहे. तेवढं मला सांगता आलं असतं.

"येस," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि दुसऱ्या बाजूच्या काचेतून बाहेर बघू लागली.

टाकी छातीशी धरून मी वळलो. आतल्या पाण्याच्या वाटीला पिवळी कड होती. दुकानाच्या दारातून मालकांनी हाक मारली, "टंकी पीछे रख. और सुन, गुरुवार को तू जाएगा. देखके लाना."

"जी भाई," मी म्हटलं. माझ्या तोंडावर हसू आलं असणार. मागे गाडीचं दार अजून उघडंच होतं आणि मुलगी आत बसली होती.