खिडकीबाहेर टांगलेला पंखा

आवाज न करणारा कॉम्प्युटर आम्हाला कशाला पाहिजे होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढची सगळी खटपट ऐकून तुम्ही म्हणाल, या दोघांना येड लागलं होतं.

परभणीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी आणि माझा एक मित्र माडीवरच्या खोलीत राहत होतो. खाली घरमालकीण काकू एकट्या राहायच्या. मित्र सोनपेठकडचा, चांगल्या बागायतदार घरचा. मी ताडकळसचा, बौद्ध, घरी मोलमजुरी. खोली बघायला तो एकटाच गेला, कारण मी गेल्यावर काय होतं ते आम्हाला पाठ झालं होतं. नामांतराचे दिवस होते. आधी विचारायचे, नाव काय. मग विचारायचे, पूर्ण नाव काय. मग म्हणायचे, खोली कालच गेली बाबा. तीन ठिकाणी खोली 'कालच' गेली होती. काकूंनी मित्राला विचारलं, "दुसरा कोण हाय?" हा पठ्ठ्या बोलून गेला, "मावसभाऊ हाय माझा."

"मंग हरकत न्हाई," काकू म्हणाल्या. "पण आवाज चालायचा न्हाई बरं का. कुणाची तक्रार आली की मी वर येणार, आन् खोली खाली करून घेणार."

म्हणजे आवाज झाला की काकू वर येणार, वर आल्या की बोलणार, बोलल्या की विचारणार. आणि विचारलं की संपलं. होस्टेलात माझा नंबर लागला नव्हता. शहरात आमच्या वस्तीत आत्याचं घर होतं, पण दोन खोल्यांत नऊ माणसं, तिथं पुस्तक उघडायलाही कोपरा नव्हता. ताडकळसहून रोज यायचं तर सकाळची एसटी कधी येईल हे तिच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. खोली गेली की वर्ष गेलं, इतकी ती सरळ गोष्ट होती. घरी मी सांगितलं होतं, खोली चांगली मिळाली. कशी मिळाली ते सांगितलं नव्हतं.

वर्षभर आम्ही मांजरासारखे राहिलो, म्हणजे मी राहिलो. चपला जिन्याखाली काढायच्या, बादली हळू ठेवायची, भाडं द्यायला मित्रानं जायचं. काकू अंगणात दिसल्या की मी वहीत तोंड घालून सटकायचो. समोरासमोर त्यांच्याशी मी एक वाक्यसुद्धा बोललो नव्हतो.

आता कॉम्प्युटर. कॉलेजात एकच होता, एसीच्या खोलीत. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात गेल्यासारखं, आणि आठवड्याला पंधरा मिनिटं त्याच्यापुढं बसायचं. तेवढ्यात तो चालू होईपर्यंत पाच मिनिटं जायची. मित्रानं औरंगाबादला कुणाकडं तरी त्याच्यावर खेळ पाहिला होता. वरून विटा पडतात, त्या फिरवून खाली रचायच्या. तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. मला खेळाचं येड नव्हतं असं म्हणणार नाही, पण माझी नजर नोकरीवर होती. हाताशी मशीन असलं तर मला ते उलगडून शिकता आलं असतं. रविवारी एका दुकानात मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचो, हातात सोल्डरिंग होतं. नवा कॉम्प्युटर म्हणजे आमच्या सात पिढ्यांत न बसणारी किंमत. म्हणून एकेक भाग जमवायचा ठरलं, आणि प्रत्येक भागाला माझा एकच प्रश्न असायचा, हा बोलतो का?

पहिला भाग सेलूला मिळाला. एका जिनिंगवाल्याकडं हिशोबाचा जुना कॉम्प्युटर बंद पडून गोदामात होता. त्याची हार्ड डिस्क गेली होती. ती नीट असती तरी मी घेतली नसती, कारण ती चालताना पिठाच्या गिरणीसारखी घरघरते. मित्र म्हणाला, "हार्ड डिस्क न्हाई तर खेळ ठेवायचा कुठं, तुझ्या डोक्यात?" मी म्हणालो, फ्लॉपीवर. फ्लॉपीचा ड्राइव्ह सुरुवातीला दोन मिनिटं खरखरतो आणि मग गप्प बसतो. दोन मिनिटांचा आवाज काकूंच्या पूजेच्या घंटीत बुडवता येईल, असा माझा हिशोब होता. तिथल्या मुनीमजींनी कॉम्प्युटर उघडून दिला तर आत सगळा कापूस. सरकीचे तंतू, धूळ, एक वाळकी पालसुद्धा. मुनीमजी म्हणाले, "घेऊन जा, पण चालला न्हाई तर परत आणू नका." आम्ही ते धूड पोत्यात घालून रेल्वेनं परभणीला आणलं.

आत एक छोटा स्पीकर होता, तो चालू करताना टिट् करायचा. त्याची वायर मी पहिल्याच दिवशी तोडली. कीबोर्ड जुन्या पद्धतीचा, प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग, दाबलं की कडक आवाज. विटांचा खेळ खेळताना मित्र असा बडवायचा की जणू पत्र्यावर हरभरे पडायलेत. नवा मऊ कीबोर्ड आमच्या ऐपतीबाहेर होता. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक चकत्या कापून मी एकेका बटणाखाली बसवल्या. ऐंशीच्या वर बटणं होती. तीन दिवस गेले. "एवढ्यात तर एक विषय निघाला असता रे," मित्र म्हणाला, आणि ते खरंच होतं.

पडद्यासाठी मॉनिटर घ्यायचा प्रश्नच नव्हता. दुकानातला एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, ज्याचा मालक परत आलाच नाही, तो मी माझ्या मजुरीत घेतला. कॉम्प्युटरची वायर आतल्या सर्किटला जोडली. चित्र सारखं वर सरकत होतं, ते मागची चावी फिरवून थांबवलं. टीव्हीचा आवाजच काढून टाकला. त्या पडद्यावर पहिल्यांदा वीट पडली तेव्हा आम्ही दोघं तोंडावर हात ठेवून हसलो. मित्राच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणी तो मला सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटला, हे मी आजही नाकारणार नाही.

राहिला पंखा. वीज देणारा जो लोखंडी डबा असतो, त्यात एक पंखा असतो, आणि तो कापसानं खराब झाला होता. मी त्याला शिलाई मशीनचं तेल घातलं, त्याची चाल कमी केली, त्याच्याखाली जुनी गोधडी घातली. तरी त्याचं घूं घूं काही जाईना. पंखा काढून बघितला तर अर्ध्या तासात डबा असा तापला की हात लावता येईना. परभणीचा एप्रिल. तिथं माणसं तापतात, मशीनचं काय घेऊन बसलात.

आणि मग मला अक्कल सुचली. सुचली म्हणतो, पण त्या अकलेची आठवण आली की आजही कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. मी म्हणालो, डबाच खोलीबाहेर काढू. मागच्या गल्लीवर उघडणारी खिडकी होती. डबा खिडकीबाहेर गजाला तारेनं टांगायचा, ऊन लागू नये म्हणून वरून पोत्याचं फडकं बांधायचं आणि जाड वायरी खिडकीतून आत घ्यायच्या. पंखा बाहेर काय बोंबलायचं ते बोंबलेल. काकूंचं घर पुढच्या बाजूला. वायर लांब झाली की वीज कमी पोचते, म्हणून मी दोन-दोन वायरी एकत्र पिळून घेतल्या. मित्र नुसता बघत राहिला. "तू लय पुढं जाशील," म्हणाला.

चालू केलं. खोलीत चिटपाखराचाही आवाज नाही. पडद्यावर विटा पडायलेत, बटणं दबायलेत, आणि सगळं मुकं. मला वाटलं, जिंकलो. परीक्षेला महिना राहिला होता. तेवढा महिना असाच काढला की झालं.

आठ दिवसही निघाले नाहीत. त्या साली पेपरात बॉम्बस्फोटांच्या बातम्यांशिवाय काही नसायचं. मागच्या गल्लीतल्या एका रिटायर माणसानं खाटेवर पडल्या पडल्या वर बघितलं. पोत्यात गुंडाळलेला लोखंडी डबा, त्यातून निघालेल्या लाल-काळ्या वायरी, आतून घूं घूं. शिवाय वर दोन पोरं राहतात, दिवसभर दार लावून, कधी हसणं नाही, भांडणं नाही, रेडिओ नाही. दोन जवान पोरं इतकी गप्प कशाला राहतील? बरोबरच होतं त्याचं. मीही पोलिसाला बोलावलं असतं.

चारच्या सुमाराला हवालदार आले, मागं गल्लीतली पाच-सात माणसं, आणि सगळ्यांत मागं, कठड्याला धरत, काकू. खोली घेतल्यापासून पहिल्यांदा त्या वर आल्या होत्या.

"हे काय लटकायलंय बाहेर?" हवालदारांनी विचारलं.

"साहेब, कॉम्प्युटरचा सप्लाय हाय," मी म्हणालो.

"मंग बाहेर का?"

"आवाज करतो."

"मंग करू दे की," ते म्हणाले. "आवाज केला म्हणून कोणी फाशी देतंय का?"

माणूस वाईट नव्हता. मी डबा आत घेऊन उघडून दाखवला. पंखा दाखवला, चालू करून खेळ दाखवला. त्यांनी स्वतः बसून चार विटा रचल्या, पाचवी आडवी पडली तसे खो खो हसले. गल्लीतली माणसंही हसली. रिटायर माणूस म्हणाला, "आपण आपली खात्री केलेली बरी." मी मित्राकडं बघून हसलोसुद्धा.

मग हवालदारांनी खिशातून डायरी काढली. "आलोच हाव तर नावं लिहून घेतो. ठाण्यात दाखवावं लागतं. पूर्ण नाव, गाव."

मित्रानं त्याचं सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझं, वडलांचं, आडनाव, गाव. मी सांगितलं, पण जितकं हळू सांगता येईल तितकं हळू. हवालदारांनी लिहून घेतलं, मान वर केली नाही.

"काय म्हणला?" दारातून काकूंनी विचारलं.

"मोठ्यानं सांग बाबा," हवालदार म्हणाले. "काकूला कमी ऐकू येतं. कानाशी ओरडावं लागतं त्यांच्या."

काकूंना ऐकूच येत नव्हतं. सगळ्या गल्लीला हे माहीत होतं. मित्राला कळायचं कारण नव्हतं, तो शेतातल्या गड्याला हाका मारल्यासारखाच सगळ्यांशी बोलायचा, आणि तो बोललेलं त्यांना कळायचं. आणि मी तर त्यांच्याशी कधी बोललोच नव्हतो. ट्यूबच्या चकत्या, तोडलेली वायर, खिडकीबाहेरचा डबा, सगळं त्या बाईसाठी जिला खाली ढोल वाजवला असता तरी कळलं नसतं.

"सांग की," हवालदार म्हणाले. त्यांना घाई होती.

मी मित्राकडं बघितलं. तो टीव्हीच्या पडद्याकडं बघत होता. तो काही बोलला असता, म्हणजे काय बोलला असता ते मला आजही सुचत नाही, पण त्यानं माझ्याकडं बघावं एवढंच मला पाहिजे होतं. मग मी मोठ्यानं सांगितलं. वडलांचं नाव, आडनाव, गाव, गल्लीला ऐकू जाईल असं. काकूंनी एकदा मित्राकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. कठड्याला धरत हळूहळू खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मित्राला खाली बोलावलं. पुतण्या शिकायला येतोय म्हणाल्या. दोघांपुरतीच जागा आहे. तू ऱ्हा, तुझं काही न्हाई. मित्र वर आला आणि हे सगळं मला जमिनीकडं बघत सांगितलं. मी कोपऱ्यातली ट्रंक ओढली तसा तोच चिडला.

"तुला आमच्यातलं एखादं आडनाव सांगता येत नव्हतं का? हवालदार काय ताडकळसला जाऊन चौकशी करणार होता? गेलं असतं निभावून."

त्याला खरंच माझी काळजी होती. त्याचाच तर राग येतो मला, की त्याला खरंच काळजी होती. मी म्हणालो, "आन् बाप कुणाचा सांगायचा?" मी ट्रंक भरली. कॉम्प्युटर तूच ठेव म्हणालो. आमच्या घरी एक बल्ब होता आणि वीज असली तर लागायचा. मी निघालो तेव्हा खाली काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही आणि मीही थांबलो नाही.

आणखी चार ठिकाणी खोली विचारली. दोन दिवस आत्याकडं काढले, मग गावाकडं आलो. संध्याकाळची एसटी होती. वडील दारात पाय धूत होते. माझे वडील नामांतराच्या मोर्चात दोनदा गेलेले, एकदा औरंगाबादच्या जेलात पंधरा दिवस राहून आलेले. एका विद्यापीठाला एक नाव मिळावं म्हणून या माणसानं हंगामातली मजुरी बुडवली होती आणि पाठीवर लाठी खाल्ली होती. त्यांनी ट्रंकेकडं बघितलं.

"परीक्षा तर पुढच्या महिन्यात हाय म्हणला होतास?"

"खोली गेली," मी म्हणालो.

"कशानं?"

"मी आडनाव सांगितलं."

वडलांनी तांब्या खाली ठेवला, धोतराच्या सोग्यानं हात पुसले. रागावले नाहीत. नुसतं विचारलं, "मंग इतके दिवस काय सांगत होतास?"

आई आतून जेवायला हाका मारत होती. मी ट्रंक उचलून आत नेली. ते वर्ष गेलं, पुढच्या वर्षीचं जमलं नाही. वडील त्यानंतर बरीच वर्षं होते, पण त्यांनी ते पुन्हा विचारलं नाही, आणि मी त्यांना उत्तर दिलं नाही.