पायलटच्या जॅकेटचं अस्तर

माझ्या नवऱ्याला कोणीही फसवू शकतं, असं माझ्या वडिलांचं आमच्या लग्नाआधीपासूनचं मत होतं. बाबा लष्कराच्या कपड्यांच्या डेपोत तपासनीस होते. जन्मभर त्यांनी शर्ट, कोट, पायमोजे उलटेपालटे करून पाहिले आणि पास नाहीतर नापास म्हटलं. सवय घरीही आलीच. आईची आमटीसुद्धा नापास व्हायची. ह्या मुलाला मी पहिल्यांदा घरी नेलं, तेव्हा बाबांनी त्याला दहा मिनिटं न्याहाळलं आणि तो जिना उतरायच्या आत आईला म्हणाले, "नापास."

मीही त्यांचीच मुलगी. लग्न केलं ते त्याच्याशीच. पण नंतर तीन वर्षं बाबा त्याच्याशी सरळ एक वाक्य बोलले नाहीत. तो समोर बसलेला असायचा आणि बाबा मला सांगायचे, "त्यांना विचार, चहा घेणार का." बहिरा होता का तो? मला राग यायचा. नवऱ्याला वाईट वाटायचं, हे जास्त त्रासाचं होतं.

आम्ही तेव्हा नुकतेच भाईंदरला इंद्रलोक नावाच्या वसाहतीत राहायला गेलो होतो. नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. एका शनिवारी हा ऑफिसातून आला तो चामड्याचं जॅकेट घालून. घामाने निथळत होता, पण चेहरा राजासारखा. फुटपाथवरच्या जुन्या कपडेवाल्याकडून घेतलं होतं. "पायलटचं आहे," म्हणाला. "दुसऱ्या महायुद्धातलं."

"कशावरून?"

पुरावे तयारच होते. पितळेची जाड चेन. कमरेला विणलेली पट्टी. छातीवरचा काळपट डाग, तो म्हणे इंजिनचं ऑइल. मला त्याला खोबरेल तेलाचा वास आला. आणि डावी बाही जरा आखूड होती, सारखी वर चढायची. त्याचंही उत्तर होतं. "पायलटचा डावा हात कायम दांड्यावर असतो ना, म्हणून चढलीय." मी हात टेकले.

त्यातच बाबांचं पत्र आलं, जानेवारीत जेवायला येतो म्हणून. आमच्या घरी पहिल्यांदाच. नवरा म्हणाला, "त्यांना जॅकेट दाखवतो. त्यांच्या लाइनीतलंच आहे. ते एकदा खरं म्हणाले की बस्स." त्याला जॅकेटचा निकाल नको होता, स्वतःचा हवा होता. एवढं कळण्याइतकी मी शहाणी होते. पण त्यापुढे माझी अक्कल चरायला गेली.

झालं असं की, मी जॅकेट उलटं करून पाहिलं तर अस्तर फाटलेलं, मळकट, कोपऱ्यात जांभळे डाग. चेन अडकणारी. म्हटलं, माहेरचं माणूस येणार, हे असलं लक्तर काय दाखवायचं? नवऱ्याला न सांगता केबिन रोडच्या टेलरकडे गेले. नवं सॅटिनचं अस्तर, नवी चकचकीत चेन, डागाला पॉलिश. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी नुसतं पुसून काढलंय असं समजून नवरा तर खूशच झाला. "काय चमकतंय," म्हणाला.

बाबा आले. पाणीही न पिता त्यांनी चष्मा चढवला आणि जॅकेट मांडीवर घेतलं. मुलगी बघायला आल्यासारखे आम्ही समोर बसलो. बाबांनी चेन दोनदा वरखाली केली.

"त्यांना सांग," मला म्हणाले, "ही चेन खाली रोडवर मीटरने मिळते. अस्तर महिन्यापूर्वीचं आहे. कोणीतरी बनवलंय त्यांना."

नवऱ्याने जॅकेट उचललं आणि घडी घालायला लागला. चामड्याची घडी पडत नाही, तरी घालत बसला. ते मला बघवेना.

"त्याला नाही बनवलं कोणी," मी म्हटलं. "मी बदललंय ते सगळं." आणि पायात चपला सरकवून जुनं अस्तर आणायला टेलरकडे निघाले.

टेलर शांतपणे म्हणाला, "भाभी, चेन तो किसी बच्चे के दप्तर में लग गयी. अस्तर इस्त्री के नीचे है." खरंच, टेबलावर इस्त्रीखाली चारपदरी करून अंथरलेलं होतं. मी ते गरमगरम उचलून घरी आणलं.

बाबांनी अस्तर खिडकीशी नेलं. माझे ते जांभळे डाग म्हणजे शिक्का होता. बराच वेळ त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"आमच्याच डेपोचं आहे," ते म्हणाले. "आधी शिक्का गोल होता. चौकोनी झाला त्या वर्षी तू चौथीत होतीस."

म्हणजे जर्मनी, जपान सगळं गेलं आणि माझी चौथी राहिली. तरी नवऱ्याचा चेहरा उजळला. लष्कराचं म्हणून तर खरं होतं!

"पण चौकोनात फुली आहे," बाबा म्हणाले. "फुली म्हणजे नापास."

माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन त्यांनी बाह्या मोजल्या. डावी दीड इंच आखूड. दांड्याचा काही संबंध नव्हता, कापणाऱ्याची कात्री चुकली होती. असला माल लिलावात जायचा. विमान सोडाच, ह्या जॅकेटने डेपोचं गेट ओलांडलं तेही टेम्पोतून. नवरा स्वतःच हसत सुटला.

बाबा हसले नाहीत. जुन्या सवयीने ते बगलेतली शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघत होते. एकदा, दोनदा, मग जोर लावून.

"एवढी वर्षं झाली, टाका सुटलेला नाही," ते म्हणाले. "बाही आखूड दिसली की आम्ही पुढचं बघायचोच नाही. चुकायचं आमचं."

मी पोळ्या लाटायला आत गेले. नवरा जॅकेट घालूनच पानावर बसला, काढायला तयार नाही. कपाळावरून घाम ओघळून ताटात पडायच्या बेताला आला. मी वाट बघत होते, आता बाबा मला हाक मारतील, 'त्यांना सांग' म्हणून.

"अहो, काढा आता ते," बाबा त्याला म्हणाले. "उकडतंय तुम्हाला."

तव्यावरची पोळी करपली. बाबांनी ती मुकाट्याने खाल्ली.