खोकल्याची रंगीत तालीम

माझ्या मुलीच्या पायाच्या बोटांवरून आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा झाली नव्हती. कोरोनाचं दुसरं वर्ष होतं. भाताची लावणी नुकतीच उरकली होती आणि मळवलीच्या अलीकडच्या आमच्या गावात ज्याला-त्याला चिखल्या झाल्या होत्या. दिवसदिवस खाचरात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, खाजते, चिरते. त्या चिखल्या. मावळात याला कुणी आजार म्हणत नाही. पावसाळा म्हणतात.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिची बोटं सुजली आणि जांभळट लाल झाली. ताप नाही, सर्दी नाही, खोकला नाही. अंगणात उड्या मारणं चालूच. शेजारच्या मावशींनी कुंपणापलीकडूनच निकाल देऊन टाकला, "चिखल्या हायत गं. मेंदी लाव, दोन दिसात जात्यात." नवरा तळेगावच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून आला होता. तो म्हणाला, "झालं ना समाधान? वाढ आता."

कसलं समाधान! एक तर चिखल्या बेचक्यात होतात, ही सूज बोटांच्या वर होती. दुसरं म्हणजे गेले पंधरा दिवस मी तिला खाचरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. आणि तिसरं, मी मोबाइलवर वाचलं होतं की मुलांना कधीकधी कोरोना होतो आणि बोटं सुजण्यापलीकडे काहीच दिसत नाही. हे सांगितल्यावर नवऱ्यानं कपाळावर हात मारला. "अगं, तू गुगलवर साधी शिंक टाकलीस तरी कॅन्सर निघतो."

खरं सांगायचं तर मला मुलीची फारशी भीती नव्हती. मुलं तरून जात होती. भीती होती ती आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. आबांनी आयुष्यभर दगडखाणीवर काम केलेलं. खाण बंद झाली, पण धूळ छातीतच राहिली. चार पायऱ्या चढले की बसायचे. लस घेतली नव्हती, कारण त्यांचा हिशेब पक्का होता, "लस घेतली की ताप येतो, ताप आला की तपासत्यात, तपासलं की न्हेत्यात." आणि ही पोरगी दिवसरात्र त्यांच्या मांडीवर. जेवायची त्यांच्या ताटात, झोपायची त्यांच्या गोधडीत. तिला झाला असेल तर तो आबांना होणार, आणि आबांना झाला तर... हे वाक्य मी मनातसुद्धा पुरं करत नव्हते.

दोघांना वेगळं ठेवून बघितलं. दुपारपर्यंत पोरगी खिडकीतून त्यांच्याकडे गेली. पुरावा हातात असल्याशिवाय आमच्या घरात माझं कुणी ऐकणार नाही हे उघड होतं.

त्यात आबा अलीकडे माझ्याशी फारच गोड वागत होते, त्यामुळे माझा जीव जास्तच तुटत होता. आमच्या घरी रोज दुपारी एक सोहळा असतो. इंद्रायणीचा भात झाला की आबा चुलीशी येतात, पातेल्यावरचं झाकण उचलतात, डोळे मिटून वास घेतात आणि म्हणतात, "ह्यो वास म्हंजी निम्मं जेवान." त्यानंतर माझ्या हातात काय कमी आहे ते सांगतात. माझं माहेर तळेगावचं, आणि तळेगावच्या पोरींना भात शिजवता येत नाही, हे त्यांचं लाडकं मत. पण त्या आठवड्यात ऑनलाइन वर्ग घेण्याच्या नादात माझा भात चांगला खालपर्यंत करपला, मी शरमेनं मान खाली घातली, आणि आबांनी झाकण उचलून, डोळे मिटून म्हटलं, "लय भारी!" नऊ वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांनी माझ्या भाताचं कौतुक केलं, तेही करपलेल्या. मी अशी हुरळून गेले की आईला फोन करून सांगितलं.

तर दुसऱ्या दिवशी मी पोरीला स्कूटरवर मागे बसवलं, पायात गमबूट चढवले आणि लोणावळ्याच्या सरकारी दवाखान्याकडे निघाले. निघताना शेजारच्या मावशींनी ओरडून विचारलं, "कुटं निघाली गं?" मी म्हटलं, "दाताच्या डॉक्टरकडे." त्या काळात सगळं गाव दातांच्या डॉक्टरकडे जात होतं.

निम्म्या वाटेत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिथे विचारणार, लक्षणं काय? आणि मी काय सांगणार, बोटं? टेस्टसाठी रांगा लागत होत्या, नुसत्या बोटांवर कोण नाकात काडी घालणार! कार्ला फाट्यावर सर आली म्हणून आम्ही बसच्या शेडमध्ये उभ्या राहिलो, तेव्हा मी पोरीला हळूच म्हटलं, "तिथे गेल्यावर थोडं खोकायचं हं."

"पण मला खोकला नाहीये."

"माहितीये. तरी खोकायचं."

"तूच म्हणतेस, खोटं बोलायचं नाही."

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. 'नेहमी खरे बोलावे' हे मी फळ्यावर किती वेळा सुवाच्य अक्षरात लिहिलं असेल याची गणती नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच. मी म्हटलं, "हे खोटं नाही गं, नाटक आहे. गॅदरिंगमध्ये तू ससा झाली होतीस की नाही? तसं."

ससा म्हटल्यावर तिला हुरूप आला. तिनं घसा खाकरला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि असा काही खोकला काढला की शेडमधल्या दोन बायका पदर नाकाला लावून भर पावसात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबरचे एक काका तर रस्ता ओलांडूनच गेले. दीड वर्ष सगळा देश खोकला दाबत होता, आणि मी माझ्या पोरीला तो काढायला शिकवत होते. "अजून जरा कोरडा काढ," मी म्हटलं. तिनं काढला. छान जमला होता. मला लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा अभिमानच वाटला.

दवाखान्यात टेबलामागे एक गृहस्थ बसले होते. वर काच, काचेमागे मास्क, मास्कमागे कंटाळा. फॉर्म भरता भरता विचारलं, "लक्षणं?"

"खोकला," मी ठणकावून सांगितलं आणि पोरीला कोपरानं खूण केली. तिनं खोकून दाखवलं. अगदी कोरडा.

गृहस्थांनी पेन थांबवलं, काचेवर वाकले आणि तिला प्रेमानं विचारलं, "किती दिवस झाले गं बाळा खोकल्याला?"

"आजच झाला," ती म्हणाली. "तो नाटकातला आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. आता अब्रू वाचवायची तर खरं लक्षण दाखवायलाच हवं होतं. मी तावातावानं म्हटलं, "अहो, तिची बोटं बघा. पायाची बोटं. नुसती जांभळी झालीत. हेसुद्धा लक्षण असतं, मी वाचलंय." आणि वाकून तिचा गमबूट ओढला.

बोटं केशरी होती. पाचही बोटं, नखांसकट, नवरीच्या बोटांसारखी रंगलेली. रात्री झोपताना आबांनी मेंदी लावून वर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या, सकाळी धुऊनही दिली होती. मी गडबडीत बूट चढवले, बघितलंच नव्हतं. माझा एकुलता एक पुरावा आबांनी रंगवून ठेवला होता.

"मॅडम," गृहस्थ म्हणाले, "मेंदीला काय झालंय?"

मी बूट हातात धरून उभी. त्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी स्वतःहूनच पुढचा रकाना वाचला. "घरात कुणाला काही होतं का? ताप, खोकला? वास न येणं?"

"छे, कुणालाच नाही," मी म्हटलं. "म्हणूनच तर आलेय. घरात म्हातारं माणूस आहे."

"आबांना वास येत नाही," पोरगी म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं पटकन तोंडावर हात ठेवला, आधीच मास्क होता त्याच्यावर. "पण ते सांगायचं नाही," ती हाताआडून म्हणाली. "आमचं ठरलंय. मी त्यांना सांगते कशाचा वास येतोय ते. आणि ते मला गूळ देतात."

करपलेला भात डोळ्यांपुढे आला. लय भारी! नऊ वर्षांनी मिळालेलं ते कौतुक. त्या माणसाला करपल्याचा वास आलाच नव्हता, आणि तेव्हा सांगायला पोरगीही जवळ नव्हती. आणि मी आईला फोन केला होता.

"किती दिवस झाले?" गृहस्थांनी विचारलं. आता त्यांचा कंटाळा गेला होता.

"आबा तिकडं तोंड करून झोपायला लागले तेव्हापासून," पोरगी म्हणाली.

नाकात काडी गेली, पोरगी रडली नाही, मी रडले. थोड्या वेळात पट्टीवर दोन रेघा उमटल्या. मी उलटं गणित मांडून बसले होते. पोरीकडून आबांना होऊ नये म्हणून जिवाचं रान करत होते, आणि तो आबांकडूनच तिच्याकडे आला होता.

घरी आले तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. मला बघून उठायला लागले तर मी म्हटलं, "बसा. आबा, तुम्हाला वास येत नाही?"

ते पोरीकडे बघून म्हणाले, "फितूर झालीस व्हय?"

मी चिडले. इतकी चिडले की काय बोलले ते आठवायला नको वाटतं. जीव टांगणीला लागला म्हणाले, लेकरू धोक्यात घातलंत म्हणाले, मेंदी काय लावता म्हणाले. ते सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मला वाटलं चिखल्याच हायत." मग स्वतःच खोडून म्हणाले, "वाटलं न्हाई. वाटून घेतलं."

"पण सांगायला काय झालं होतं?"

"धाकला आपल्या पायानं गाडीत बसला हुता," आबा म्हणाले. "हात हलवला त्येनं मला. मग फोन आला."

धाकला म्हणजे त्यांचा भाऊ, शेजारच्याच घरातला. पहिल्या वर्षी ॲम्ब्युलन्सनं नेला तो परत दिसलाच नाही, चेहरासुद्धा नाही. त्याच्या चपला अजून त्याच्या दारात होत्या. आबा म्हणाले, "मला मरायचं भ्या न्हाई पोरी. तितं कुणी आपलं नसतंय. म्हणून बोललो न्हाई. लेकराला लागू नये म्हणून तिकडं तोंड करून झोपत हुतो. तेवढंच माझ्या हातात हुतं."

आबांची टेस्ट झाली. तीही तशीच निघाली. माझी आणि नवऱ्याची कोरी. नियमाप्रमाणे बाधितांची खोली वेगळी करायची होती. म्हणजे ज्या दोघांना मी एकमेकांपासून ओढून काढत होते, त्यांना सरकारी नियमानंच एका खोलीत घातलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं. आतून दिवसभर पत्त्यांचा आवाज आणि हसणं. मी दारात ताटं ठेवायची, आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी दिलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आत सरकवायची आणि आकडा ऐकायला थांबायची. नव्वदच्या खाली गेला तर न्यावं लागेल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आकडा पोरगी वाचायची. एकदा ब्याण्णव आला तेव्हा मी दाराला टेकून तशीच खाली बसले. आबा आतून म्हणाले, "गेलीस का गं सूनबाई?" मी म्हटलं, "इथेच आहे."

आकडा पुढे सावकाश वर चढला. गाडी आमच्या दारात आली नाही. पोरीच्या बोटांची सूज उतरली, मेंदी मात्र बरेच दिवस टिकली, आणि मावशींनी अख्ख्या गावाला सांगितलं की बघा, मेंदीनंच बरं झालं.

आबांना वास येणं काही परत सुरू झालं नाही. छातीचं होतं तसंच आहे, पण वास गेला तो गेलाच. तरी सोहळा चालू आहे. दुपारी ते चुलीशी येतात, झाकण उचलतात, डोळे मिटतात आणि पोरीला विचारतात, "कसा हाय गं आज?" ती पातेल्यावर वाकते आणि सांगते. आज मऊ झालाय, आज जरा खाली लागलाय. काडीचंही खोटं बोलत नाही, माझ्या हातचं असलं तरी.

गेल्या वर्षी घरातला इंद्रायणी संपला. पावसानं पीक आडवं केलं होतं, नवा यायला अवकाश होता, म्हणून मी रेशनचा तांदूळ शिजवला. त्याला धड वास असा नसतोच, असलाच तर पोत्याचा. आबांनी झाकण उचललं, डोळे मिटले. "कसा हाय गं?"

पोरगी वाकली. तिनं वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी काही खूण केली नाही, शपथ.

"इंद्रायणीच आहे, आबा," ती म्हणाली. "लय भारी."