पाऊल पुसणारा

ससा, खोकड, काळवीट, कुणाचेही पाऊल मुलांना दाखवून झाले की तो ते तळहाताने पुसून टाकायचा. पाटी पुसावी तसे, सावकाश.

तो वारल्याचे मला फार उशिरा कळले. म्हणून हे लिहिणेही उशिराचे.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात जामखेडकडच्या आमच्या शाळेने मुलांसाठी रोज दिवसभराचे शिबिर भरवले होते. माळावरचे पशुपक्षी दाखवायला हेडमास्तरांनी या म्हाताऱ्याला बोलावले. त्याची हयात ससे-तित्तर धरण्यात गेलेली. मी तरुण मास्तर, मुलांच्या सोबतीला. त्याच्यावर नजर ठेवण्याचे काम माझे मीच घेतले होते.

‘‘बाबा, काळविटाचं पाडस कुठंय?’’ पोरी विचारायच्या.

‘‘हाय की.’’

‘‘पण कुठं?’’

‘‘हाय तिथं हाय. तुमी आदी मागं सरा. तुमच्यापायी टिटवी उठलीया, अंडी उन्हात भाजत्यात.’’

मुले खिदळत मागे सरत. मला हसू येत नसे. पावले पुसणारा माणूस काहीतरी लपवतो, असे तुम्हीही म्हटले असते.

एका सकाळी मी एकटाच लवकर माळावर गेलो. ओढ्यात उरलेल्या डबक्याशी तो उकिडवा बसला होता. हातात फास.

‘‘काढतोय, मास्तर. लावला न्हाई.’’

‘‘आणि पावलं का पुसता?’’

‘‘पोरं घरी जाऊन सांगत्यात. घरी समदी पोरंच असत्यात व्हय?’’

उत्तर आधीच तयार ठेवल्यासारखे वाटले. मी त्याला हेडमास्तरांपुढे उभे केले.

‘‘फास लावतं कोण?’’ त्यांनी विचारले.

‘‘माझंच भाऊबंद. नावं न्हाई सांगनार.’’

उद्यापासून येऊ नका, असे त्याला सांगण्यात आले. जाताना मला म्हणाला, ‘‘सकाळचं तेवढं डबकं बगत जावा.’’

मी गेलो नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी मुलांना घेऊन ओढ्याशी पोचलो. काळविटाची मादी फासात पडली होती, मान वाकडी. जरा लांब पाडस उभे होते. आम्हाला बघूनही ते पळाले नाही.

मुलांना घरी सोडून मी तसाच त्याच्या खोपीवर गेलो. दारात सून होती.

‘‘बाबा कुठं आहेत?’’

‘‘आता आनखी काय इचारायचं ऱ्हायलंय, मास्तर?’’

‘‘भेटायचं होतं.’’

‘‘ठावं न्हाई.’’

तिला ठाऊक होते. पोरांना तिने पाठीमागे ओढले आणि मी रस्त्याला लागेपर्यंत माझ्यावरची नजर काढली नाही.